गोठलेले नळ, उघडी पडलेली व्यवस्था

अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडावर पाणीपुरवठा संस्था नागरिकांना सावधगिरीच्या सूचना देतात. परंतु २०२१ पासून टेक्सास, जॅक्सन आणि रिचमंड येथे जे घडले, ते पाहता थंडीची तयारी ही केवळ घरमालकाची जबाबदारी नाही. वर्षानुवर्षे टाळलेल्या देखभालीची किंमत एका थंड रात्रीत कशी वसूल होते, याचे हे तीन दाखले आहेत.

उघड्यावरच्या नळांना जाड कापड गुंडाळा, बागेतील रबरी नळी काढून ठेवा, घराचा मुख्य कॉक कोठे आहे ते घरातील सर्वांना दाखवून ठेवा आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री एखादा नळ बारीक धारेने चालू राहू द्या. अमेरिकेतील बहुतेक शहरांच्या पाणीपुरवठा संस्था नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्या ग्राहकांना अशा आशयाच्या सूचना पाठवतात. सूचना योग्यच असतात आणि त्या पाळणाऱ्याचे नुकसान टळतेही. मात्र या सूचनांत एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, नळापर्यंत पाणी येणार आहेच, प्रश्न आहे तो फक्त ते गोठू न देण्याचा. गेल्या काही वर्षांत हे गृहीतकच डळमळीत झाले आहे.

टेक्सासचा धडा

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यावर टेक्सास राज्यावर ध्रुवीय थंडीची लाट कोसळली. १६ फेब्रुवारीला डलास परिसरातील तापमान उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. ज्या राज्यात घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधली जातात आणि पाण्याचे नळ पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेले जातात, तेथे अशी थंडी पाच-सहा दिवस मुक्कामाला राहिली. विजेची मागणी वाढली आणि त्याच वेळी वायूच्या विहिरी, वाहिन्या व वीजनिर्मिती केंद्रे गोठून बंद पडू लागली. सुमारे ४५ लाख घरे व व्यवसाय अंधारात गेले. राज्याची वीज यंत्रणा पूर्णपणे कोसळण्यापासून केवळ ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होती, असे ती चालवणाऱ्या संस्थेने नंतर सांगितले. राज्याच्या आरोग्य विभागाने या आपत्तीतील मृतांचा आकडा २४६ इतका निश्चित केला.

विजेपाठोपाठ पाणी गेले. पंप आणि शुद्धीकरण केंद्रे विजेवर चालतात, आणि अनेक ठिकाणी पर्यायी विजेची सोय नव्हती अथवा पुरेशी नव्हती. ऑस्टिन शहराच्या सर्वात मोठ्या शुद्धीकरण केंद्राचा वीजपुरवठा १७ फेब्रुवारीला खंडित झाला आणि साऱ्या शहराला पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. ह्यूस्टनमध्येही त्याच दिवशी तशीच सूचना निघाली. राज्यभरातील एक हजाराहून अधिक पाणीपुरवठा यंत्रणांना या संकटाची झळ बसली आणि १ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांच्या पाण्यावर परिणाम झाला. या शहरांत मोठ्या संख्येने स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांनीही ते दिवस अनुभवले. ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांनी पाणी उकळायचे कशावर, याचे उत्तर त्या सूचनेत नव्हते.

नळ फुटतो कसा?

पाण्याचा स्वभाव इतर बहुतेक द्रवांपेक्षा वेगळा आहे. चार अंश सेल्सियसपर्यंत ते आकसते, त्याखाली मात्र प्रसरण पावू लागते. गोठताना तर त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. सर्वसाधारण समज असा की, बर्फ जेथे तयार होतो तेथेच नळ फुटतो. प्रत्यक्षात बहुधा तसे होत नाही. नळीत बर्फाचा गट्टा तयार झाला की, तो गट्टा आणि बंद असलेला नळ यांच्यामध्ये उरलेले पाणी कोंडले जाते. बर्फ वाढत जातो तसा त्या कोंडलेल्या पाण्यावरील दाब वाढत जातो आणि नळी जेथे दुबळी असेल तेथे फुटते. नळ किंचित उघडा ठेवण्याच्या सल्ल्यामागील शास्त्र हेच आहे. बारीक धारेमुळे हा दाब बाहेर निघून जातो. बाहेरील तापमान साधारण उणे सात अंशांच्या खाली गेले की, संरक्षण नसलेल्या नळ्यांना खरा धोका सुरू होतो, असे इलिनॉय विद्यापीठातील संशोधन सांगते.

रस्त्याखालील मोठ्या जलवाहिन्यांचे दुखणे निराळे असते. मिनेसोटासारख्या अतिथंड राज्यात त्या सात-आठ फूट खोल, गोठणाऱ्या मातीच्या थराखाली पुरलेल्या असतात. दक्षिणेकडील राज्यांत त्या बऱ्याच उथळ असतात. शिवाय अनेक शहरांतील वाहिन्या जुन्या बिडाच्या आहेत. बीड कठीण, पण ठिसूळ असते. वाहिनीतील पाणी अचानक थंड झाले की, धातू आकसतो. वरची माती गोठून फुगते आणि तिचा भार वाहिनीवर येतो. आतून गंजलेली वाहिनी हा दुहेरी ताण सोसू शकत नाही. थंडी ही अशा वेळी निमित्तमात्र असते. मूळ कारण अनेक वर्षे जमिनीखाली वाढत आलेले असते. अमेरिकेत सरासरी दर दोन मिनिटांनी कोठे ना कोठे एक जलवाहिनी फुटते, असे तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२१ च्या आपल्या अहवालात नमूद केले होते.

एकाचे शहाणपण, सर्वांची अडचण

टेक्सासच्या अनुभवातून पुढे आलेला सर्वात महत्त्वाचा प्रश्न तांत्रिक नाही, तो नागरी आहे. नळ बारीक धारेने चालू ठेवणे हे एका घरासाठी शहाणपणाचे आहे. पण तेच लाखो घरांनी एकाच रात्री केले, त्यात भर म्हणून प्रत्येकाने भीतीपोटी टब आणि बादल्या भरून ठेवल्या आणि त्याच वेळी रिकाम्या घरांतून, बंद कार्यालयांतून फुटलेल्या नळ्या कोणाच्या लक्षात न येता वाहत राहिल्या, तर टाक्या झपाट्याने रिकाम्या होतात आणि यंत्रणेतील दाब कोसळतो. ह्यूस्टनमध्ये नेमके हेच झाले. ज्या नागरिकांना थंडीसाठी नळ चालू ठेवण्याची सवय लावलेली होती, त्यांनाच प्रशासनाला 'नळ वाहते ठेवू नका' असे आवाहन करावे लागले.

दाब कमी होणे ही केवळ गैरसोय नसते. वाहिनीत पाण्याचा दाब पुरेसा असतो तोवर गळतीच्या जागेतून पाणी बाहेर येते. दाब घसरला की, प्रवाह उलटा होऊ शकतो आणि भोवतालचे दूषित पाणी वाहिनीत शिरू शकते. म्हणूनच दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की, पाणी उकळण्याची सूचना द्यावी लागते. अग्निशमन दलाच्या नळखांबांनाही मग पाणी मिळत नाही, आणि थंडीत शेकोट्या व हीटर यांमुळे आगीचा धोका वाढलेला असताना ही बाब अधिकच गंभीर ठरते.

टेक्सासच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा करून यावर उपाय योजला. वीज २४ तासांहून अधिक काळ गेली तरी दर चौरस इंचाला किमान २० पौंड इतका दाब कायम ठेवता येईल, अशी आपत्कालीन योजना पाणीपुरवठा संस्थांनी सादर करावी, असे बंधन त्यात आहे. हे योग्य पाऊल होते, पण उशिराचे. कारण फेब्रुवारी २०११ मध्येही टेक्साससह नैऋत्येकडील राज्यांना अशाच थंडीने ग्रासले होते आणि त्यानंतर केंद्रीय नियामकांच्या अहवालात ऊर्जा यंत्रणांना थंडीपासून संरक्षण देण्याची शिफारस स्पष्टपणे करण्यात आली होती. मधली दहा वर्षे ती बव्हंशी कागदावरच राहिली.

जॅक्सन : दुखणे जुने, थंडी निमित्त

त्याच फेब्रुवारीत मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन येथे याहून विदारक चित्र दिसले. सुमारे दीड लाख वस्तीच्या आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या या शहरात शुद्धीकरण केंद्राची यंत्रसामग्री गोठली, जुन्या वाहिन्या ठिकठिकाणी फुटल्या आणि अनेक वस्त्यांना कित्येक आठवडे पाणी मिळाले नाही. पाणी उकळून पिण्याची सूचना सुमारे महिनाभर कायम होती. ऑगस्ट २०२२ मध्ये पूर व पंपांतील बिघाड यांमुळे शहराची पाणी यंत्रणा पुन्हा कोलमडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने शहराचा पाणीपुरवठा त्रयस्थ व्यवस्थापकाच्या हाती सोपवला आणि पुढील महिन्यात अमेरिकी काँग्रेसने ६० कोटी डॉलरची तरतूद केली. तरीही त्याच वर्षीच्या नाताळात थंडीची लाट आली तेव्हा शहरातील दाब पुन्हा घसरला. पैसा मंजूर होणे आणि वाहिनी बदलली जाणे यांत किती अंतर असते, हे त्या नाताळाने दाखवून दिले.

जॅक्सनचे दुष्टचक्र अनेक शहरांना लागू पडणारे आहे. सुस्थितीतील वर्ग शहर सोडून गेला, करभरणा आटला, पाणी बिलांच्या वसुलीत गोंधळ झाला, उत्पन्न घटले, म्हणून देखभाल पुढे ढकलली गेली. देखभाल नाही म्हणून पुरवठा बिघडला आणि पुरवठा बिघडला म्हणून नागरिकांचा बिल भरण्यातील रस आणखी कमी झाला.

रिचमंडमधील 'हिवाळी पद्धत'

निधीचा अभाव हेच एकमेव कारण असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून रिचमंडचे उदाहरण पुरेसे आहे. ६ जानेवारी २०२५ रोजी हिमवादळात व्हर्जिनियाच्या या राजधानीतील शुद्धीकरण केंद्राची वीज गेली. पर्यायी पुरवठ्याकडे यंत्रणा आपोआप वळणे अपेक्षित होते, ते झाले नाही. केंद्राच्या तळघरात पाणी शिरले, विद्युत उपकरणे बुडाली आणि शहरासह शेजारच्या परगण्यांतील नळ कोरडे पडले. पाणी पिण्यास योग्य असल्याचे जाहीर होण्यास ११ जानेवारी उजाडली.

चौकशीतून पुढे आलेला एक तपशील उद्बोधक आहे. हे केंद्र उन्हाळ्यात दोन वीजवाहिन्यांवर चालवले जाई आणि हिवाळ्यात मात्र एकाच मुख्य वाहिनीवर. म्हणजे जिला 'हिवाळी पद्धत' म्हटले जात होते, तीच हिवाळ्यातील वादळाला तोंड देण्यास अधिक दुबळी होती. जनित्रे होती, पण ती हाताने सुरू करावी लागत. राज्याच्या आरोग्य विभागाने हे संकट टाळता येण्याजोगे होते, असा निर्वाळा दिला. येथे प्रश्न पैशांचा कमी आणि सरावाचा अधिक होता. पर्यायी यंत्रणा खरेदी करणे आणि ती खऱ्या प्रसंगी चालते की नाही, हे वेळोवेळी तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे उद्घाटन होते, दुसरीचे होत नाही.

नागरिकांचा वाटा

याचा अर्थ घरोघरच्या तयारीला महत्त्व नाही, असा नव्हे. मुख्य कॉक बंद करता आला तर फुटलेल्या नळीने होणारे नुकसान काही बादल्यांवर निभावते, अन्यथा घराचे छत खाली येते. माणशी दररोज सुमारे पावणेचार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी साठवून ठेवावे, असा सर्वसाधारण दंडक अमेरिकेत सांगितला जातो. साठा थंडी येण्यापूर्वी करायचा असतो, थंडीच्या रात्री नव्हे, कारण त्या रात्री भरलेली प्रत्येक बादली यंत्रणेतील दाब कमी करते. पाणी उकळायचे तर ते खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे लागते. शेजारचे घर किंवा दुकान बंद असेल, तर त्याच्या मालकाला वेळीच कळवणे हेही नागरी कर्तव्यच ठरते.

परंतु घरभाडेकरूला भिंतीतील नळ्यांना संरक्षण देता येत नाही, वृद्धाला गोठलेल्या तळघरात उतरता येत नाही आणि दोन नोकऱ्या करून पोट भरणाऱ्याला बाटलीबंद पाण्याचा साठा परवडत नाही. तयारीची सारी जबाबदारी घरावर टाकली की, ज्यांची घरे आधीच दुबळी आहेत त्यांच्यावरच संकटाचा भार पडतो. सूचनापत्रक हे देखभालीला पूरक असू शकते, पर्याय असू शकत नाही.

आपल्यासाठी अर्थ

भारतात ही चर्चा परकी नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या 'चिल्लई कलान'मध्ये नळ गोठणे हा दरवर्षीचा अनुभव आहे. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचे तापमान उणे साडेआठ अंशांपर्यंत घसरले, तेव्हा नळांभोवती शेक देऊन पाणी मोकळे करणारी कुटुंबे पुन्हा दिसली. लडाखमध्ये तर गोठणाऱ्या थराखाली खोल वाहिनी नेल्याखेरीज बारमाही नळ शक्यच नाही.

महाराष्ट्रातील शहरांना बर्फाचे भय नाही, पण धडा तोच आहे. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरून विद्युत यंत्रणा बंद पडली, तेव्हा मुंबईच्या मोठ्या भागाचा पुरवठा थांबला आणि महापालिकेला पाणी उकळून पिण्याचे आवाहन करावे लागले. ऋतू वेगळा आणि निमित्त वेगळे असले, तरी घटनाक्रम रिचमंडसारखाच. शुद्धीकरण केंद्रातील वीज गेली की, धरण भरलेले असूनही शहर तहानलेले राहते.

पाणीपुरवठ्याची देखभाल हे खाते असे आहे की, काम चोख झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. निवडणुकीच्या सभेत नव्या धरणाची घोषणा करता येते, गंजलेली वाहिनी वेळेत बदलल्याचा उल्लेख टाळ्या मिळवत नाही. त्यामुळे आर्थिक चणचण भासली की, पहिली कात्री येथेच लागते. टेक्सास, जॅक्सन आणि रिचमंड यांनी त्या कात्रीची किंमत मोजली. आपल्या शहरातील पर्यायी वीज यंत्रणा शेवटची कधी चालवून पाहिली गेली, जुन्या वाहिन्या बदलण्याचा वार्षिक वेग किती आहे आणि दाब घसरल्यास नागरिकांना किती वेळात कळवले जाते, हे तीन प्रश्न पुढील संकटापूर्वी विचारले गेले, तरच त्या किमतीचा उपयोग इतरांना होईल.