मेबॅकला दसरा हवाच

जर्मन लोक तिला मायबाख म्हणतात, कोल्हापूरकर मेबॅक. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मंडळी दसरा चौकात शमीपूजनाला येतात ती या गाडीतून. राजाराम महाराजांच्या काळातली, म्हणजे 1930 च्या दशकातली मोटार. आजूबाजूला सोनं लुटायला टपलेली ही गर्दी!

ऑफिसातला एक मित्र दरवर्षी हळहळतो. इतकी दुर्मिळ गाडी गर्दीत कशाला काढायची? ओरखडा गेला म्हणजे? काचेआड ठेवा की!

त्याची भीती खोटी नाही. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या या कंपनीने 1921 पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत मिळून सुमारे 1,800 मोटारी बनवल्या. बस्स. त्यातही कंपनी फक्त इंजिन आणि चासी द्यायची, वरची बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्याकडून बांधून घ्यायचं. म्हणजे पत्रा चेपला तर तयार पार्ट कुठून आणणार? (2022 पासून चाकणला जुळवली जाणारी मर्सिडीझ-मायबाख नावाचीच नातेवाईक, तिचे पार्ट हिला चालायचे नाहीत.)

तरीही मी दसऱ्याच्या बाजूने आहे.

मी पोशेऱ्याचा. आमच्या जव्हारलाही संस्थान होतं, मुकणे राजांचं. त्यांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे. राजवाडा नुसता उभा राहिला तरी राजवाडाच असतो. मोटारीचं तसं नाही हो. उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकटा होऊन कार्ब्युरेटर तुंबतो, रबरी सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर गंजतात, टायर एका जागी बसतात. बाहेरून पॉलिश मारलेलं, आत सगळं ठप्प. आमच्या धंद्यात म्हणतात ना, रिस्टोर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअपच नव्हे... तसंच.

आणि गाडीपेक्षा लवकर मरते ती माहिती. हिचं इंजिन कसं सुरू करायचं, गिअर कुठे अडतो, कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला काळजीचा, हे हातांना माहीत असतं. ठरलेल्या दिवशी गाडी निघणार म्हटलं की आधी कुणीतरी बॉनेट उघडतंच. शेजारी एखादा पोऱ्या पाना धरून उभा असतो, तो शिकतो. काचेआडच्या गाडीला फक्त फडकं मारणारा लागतो.

2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर दिला. रोजच्या वापराला बंदी, पण रॅली, प्रदर्शन आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणायला मुभा. माझं मागणं तेवढंच आहे. ओरखडा गेला तर रंग देता येईल.