प्रमुख पाहुण्यांस, कार्ल्याहून

महोदय,

सप्रेम नमस्कार लिहायला हात होत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

पंधरा ऑगस्टला आपण एकविरेचं दर्शन घेऊन आमच्याकडे झेंडावंदनाला आलात. बोलण्याच्या भरात दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या आपल्या शिपायांना 'इंग्रजांचे भाडोत्री' म्हणालात. टाळ्याही पडल्या. माझी पुतणी पुढेच बसली होती. मुलांना दाखवायला तिने पणजोबांची पदकं डब्यात घालून आणली होती. आपलं भाषण झाल्यावर तो डबा तिने उघडलाच नाही.

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. पगारासाठीच गेले. खाचरं दोन, खाणारी तोंडं दहा. मळवलीला गाडीत बसले ते पोटासाठी. यात लपवायचं काय? समोरच्या लोहगडाकडे हात करून आपण ज्या मावळ्यांचा जयजयकार केलात, त्यांनाही शिवाजी महाराज रोख पगारच देत. वतनं तोडून देण्यापेक्षा रोकड बरी, हे महाराजांचं धोरण होतं. पगार घेतल्याने मावळ्यांचं काही उणं झालं नाही, मग आमच्या म्हाताऱ्याचंच का व्हावं?

इंग्रजांच्या झेंड्याखाली लढले, हेही खरं. ते मला बोचतं, त्यांनाही बोचत असावं. पण समोर मुसोलिनी आणि हिटलर होते, हे आपल्या भाषणातून गळलं. 1941 साली एरिट्रियातल्या केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर ही पलटण लढली. आजोबा तिथल्या गोळ्यांपेक्षा तहानेबद्दलच जास्त बोलायचे. मग इटली. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच पलटणीतले यशवंत घाडगे, आजच्या रायगडातल्या माणगाव तालुक्यातले, हाताखालची माणसं पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली, उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि तिथेच पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली इटलीतल्या मोन्टोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं. तिकडे आठवण राहिली, इकडे आपण भाडोत्री म्हणून मोकळे.

आझाद हिंद सेनेबद्दल आपण बोललात ते मला मनापासून पटलं. पण त्या शूरांना मोठं करायला महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत लढलेल्या या पंचवीस लाखांना लहान करायची गरज नव्हती. आणि एक गंमत सांगतो. हीच तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि 11 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या वाटेवर टांगाइलला आकाशातून उतरली. एकाहत्तरच्या त्या विजयाचा उल्लेख करताना तर आपला कंठ दाटून आला होता!

लढाई संपल्यावर आजोबांना घरी पाठवलं. नोकरी कमी भरली, म्हणून पेन्शन बसली नाही. पुन्हा खाचरात उतरले, भात लावला, मरेपर्यंत कुणाकडे काही मागितलं नाही. मागत मीही नाही; आपली माफी तर नकोच. फक्त पुढच्या वेळी मुलांसमोर उभे राहाल तेव्हा केरेन नकाशावर कुठे आहे ते आधी पाहून या. आमच्या पोरीला ते ठाऊक आहे. विचारलंत तर दाखवेल.

आपला,
एका शिपायाचा नातू
कार्ले, ता. मावळ