गाणे पडद्यावर, गीतकार पडद्याआड



गाणे ऐकायचे असते ही समजूत आता मागे पडली. आमच्या पेणकरपाड्यातल्या पोरांना ‘कोणते भीमगीत आवडते?’ असे विचारा, ती नाव सांगत नाहीत, सरळ मोबाइल पुढे करतात. त्यात वाईट काही नाही. परंतु त्या व्हिडिओखाली गायकाचे नाव असते, नाचणाऱ्याचे असते, कॅमेरावाल्याचेही असते. गाणे लिहिणारा मात्र बरेचदा गायब!

गाण्याला चित्र जोडण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात नाणे टाकून तीन मिनिटांचे गाणे बघण्याची यंत्रे हॉटेलांत असत. १ ऑगस्ट १९८१ रोजी तिथे एमटीव्ही ही गाण्यांची वाहिनी निघाली आणि गाणे खपवायचे तर चेहरा दाखवला पाहिजे, हे कंपन्यांना पुरते कळले. आपल्याकडे छायागीत, चित्रहार होते, पण ती सिनेमातली गाणी. सिनेमाबाहेरच्या गाण्याचा व्हिडिओ घरोघरी गाजला तो १९९५ मध्ये, अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’चा.

आपण मात्र त्याआधीपासून गाणे ‘बघत’ आलो आहोत. भीमराव कर्डकांच्या जलशात गाणे होते, संवाद होते, आणि समोर बसलेला निरक्षर माणूस बाबासाहेबांचा विचार घेऊन घरी जाई. वामनदादा कर्डक तर शाळेत न गेलेले. मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. पुष्कळ गाण्यांत त्यांनी शेवटी आपले नाव गुंफून ठेवले आहे. कोणी गाणे पळवले तरी शेवटच्या कडव्यात वामन सापडतोच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज खोल्याखोल्यांतून घुमू लागले. कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरांत का होईना, गीतकाराचे नाव असे. पुढे व्हीसीडी आली, मग यूट्यूब.

एक उदाहरण मुद्दाम सांगतो. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात टिपले. ना सजावट, ना नाच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. तो धागा धरून पटवर्धनांनी चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. आपल्या गाण्याचे खरे चित्रण पाहायचे तर तो मुलांना घेऊन पाहावा.

मोबाइलचा उपकारही मानला पाहिजे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) कडूबाई खरात एकतारीवर गातात. मोबाइलवर फिरलेल्या व्हिडिओंनी त्यांना महाराष्ट्रभर पोचवले. कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही.

पण मी पडलो कारकून, वाणिज्य शाखेचा. मला हिशेब दिसतो. व्हिडिओवरच्या जाहिरातीचा पैसा चॅनेलवाल्याकडे जातो, गीतकाराकडे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो. तो सोडून दिल्याचा करार चालत नाही. शिवाय गीतावरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे २०६४ संपेपर्यंत त्यांची गाणी बेवारस नाहीत. ‘समाजाचे गाणे, सगळ्यांचे गाणे’ असे म्हणून पैसे मिळवणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. जयंतीत गाणे गायला कोणाची ना नाही. धंद्याची गोष्ट वेगळी.

ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या गाण्यांच्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. प्रत्येक पानावर नाव व साल लिहून फोटो काढावेत, कंपनीशी करार झाला असेल तर त्याची झेरॉक्स जपावी. मंडळांनी जयंतीचा व्हिडिओ टाकताना पहिल्या ओळीत गीतकाराचे नाव लिहावे. ते माहीत नसेल तर जुन्या कॅसेटचे कागद काढून पाहा. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ते अजून असतील.