गोंगाट थांबवा, इशारा नव्हे

मोठ्या सॉफ्टवेअरचा बिल्ड लावला की टर्मिनलवर ओळींचा लोंढा सुरू होतो. एकेका फाइलसाठी कंपायलरची अख्खी कमांड छापली जाते. हेडर फाइल्स कुठे शोधायच्या त्यांचे पत्ते, डझनभर फ्लॅग आणि अगदी शेवटी फाइलचे नाव. एक कमांड चार-पाच ओळी खाते आणि फाइल्स हजारो असतात. त्यातच कुठेतरी कंपायलर सांगून जातो, की अमुक व्हेरिएबल किंमत न देताच वापरले आहे. ती ओळ क्षणात वर सरकते. बिल्ड पूर्ण होतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. हळूहळू डेव्हलपरला वॉर्निंग न वाचण्याचीच सवय लागते. खरा धोका या सवयीत आहे.

या गोंगाटाचे मूळ जुने आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये 'मेक' हे बिल्डचे साधन लिहिले. प्रत्येक कमांड चालवण्याआधी ती छापायची, ही त्याची रीत. प्रोग्राम लहान होते तेव्हा ती सोयीची होती. पुढे प्रकल्प अवाढव्य झाले, एकाच वेळी अनेक फाइल्स कंपाइल होऊ लागल्या आणि एकीचा संदेश दुसरीच्या संदेशात मिसळू लागला.

यावर चांगले उपाय निघाले आहेत. लिनक्स कर्नेलचा बिल्ड एका फाइलसाठी 'सीसी' ही दोन अक्षरे आणि फाइलचे नाव एवढेच दाखवतो. वॉर्निंग मात्र पूर्ण दिसते. सगळ्या कमांड हव्या असतील तर 'व्ही=१' असे सांगावे लागते. क्रोम ब्राउझरच्या कामातून जन्मलेले 'निन्जा' हे बिल्डचे साधन प्रगतीची एकच ओळ जागच्या जागी बदलत राहते. प्रत्येक कमांडचा संदेश ती संपल्यावर एकसंध छापते आणि कमांड फसली तर ती पूर्ण दाखवते. नित्याचे झाकायचे आणि वेगळे घडले ते समोर ठेवायचे, हेच दोन्हींचे सूत्र आहे.

पण शांतता मिळवण्याचा एक सोपा आणि घातक मार्गही आहे. वॉर्निंगचे फ्लॅग सरसकट बंद करायचे, किंवा कारण न समजताच साधनाचे तोंड बंद होईल असा बदल कोडमध्ये करायचा. त्याची किंमत डेबियन या लिनक्स वितरणाने मोजली आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली मेमरी किंमत न देताच वापरली जाते, अशी तक्रार व्हॅलग्रिंड हे तपासणीचे साधन करत होते. ती थांबावी म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीतून कोडच्या दोन ओळी काढल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. पण किल्ली बनवताना लागणारी यादृच्छिकता ज्या ओळीतून मिसळली जात होती, तीही त्यांत गेली. उरला तो जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही एकेक करून तपासू शकतो. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा डेबियन आणि उबंटूवर त्या काळात बनलेल्या एसएसएच किल्ल्या व प्रमाणपत्रे बदलावी लागली. जवळपास दोन वर्षे साधन शांत होते आणि कुलपे उघडी होती.

म्हणून स्क्रीन आणि लॉग यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. स्क्रीनवर थोडेच दिसावे. लॉगमध्ये प्रत्येक कमांड, प्रत्येक फ्लॅग नोंदलेला असावा. डेबियनचे धोरणही पॅकेजच्या बिल्डने शक्य तितके सविस्तर बोलावे असेच सांगते. सुरक्षेचे फ्लॅग खरोखर लागले की नाही, हे अशाच लॉगवरून तपासता येते.

एखादी वॉर्निंग बंद करायचीच असेल, तर ती त्या एका जागी करा आणि का केली ते शेजारी लिहा. कारण लिहिता येत नसेल, तर ती बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही.