चाक का तापतं?

मैत्रिणींनो, दूध करपलं की दुसऱ्या खोलीत बसूनही आपल्याला कळतं. मग गाडीतून उतरताना चाकाजवळ करपट वास आला, तर ‘रस्त्यावरचा असेल’ म्हणून आपण पुढे कशा जातो? आज आपल्यापैकी कितीजणी मुलांना शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला स्वतः गाडी चालवतात. तेव्हा हा वास ओळखता आलाच पाहिजे.

पायाने ब्रेक दाबला की पॅड चकतीला, म्हणजे डिस्कला, घट्ट धरतात. पाय काढला की त्यांनी सोडायला हवं. ते नीट सुटले नाहीत तर गाडी चालताना सतत घासत राहतात आणि चाक तापतं. मेकॅनिक याला ‘ब्रेक जाम’ म्हणतात. गाडी जड चालणं, पेट्रोल जास्त लागणं, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, ही त्याचीच लक्षणं.

घरच्या घरी परीक्षा अशी करा. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर जाऊन या. सावकाश थांबा, खाली उतरा आणि तव्याची धग बघतो तसा हाताचा पंजा प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ, थोडा लांबच धरा. हात लावायचा नाही हं, चांगलंच भाजतं! पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त तापतात, कारण थांबवण्याचं बरंचसं काम तीच करतात. म्हणून पुढच्या डाव्याची तुलना पुढच्या उजव्याशीच करा, मागच्याची मागच्याशी. जोडीतलं एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर दोष तिथे आहे.

आता कारणं पाहू. आधी अगदी साधी: हँडब्रेक एखादा खटका वर राहिला आहे का? गाडी चालवताना डावा पाय उगीच ब्रेकवर टेकतो का? तसं नसेल, तर पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी आठवा. हँडब्रेकची तार नळीत गंजते आणि मागची चाकं धरून बसतात. पुढच्या चाकांत कॅलिपरच्या पिना कोरड्या पडतात किंवा पिस्टन गंजून अडकतो. एकाच चाकातला एक पॅड खूप झिजलेला आणि दुसरा जाडच असेल, तर बहुधा याचाच संशय घ्यावा. जुन्या गाडीत ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगतो. दाबल्यावर तेल पुढे जातं, परत मात्र लवकर येत नाही.

गॅरेजमध्ये ‘सगळा सेट बदलावा लागेल’ असं ऐकलंत, तर घाबरू नका. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून दाखवायला सांगा. जाम असेल, तर ब्रेकचं तेल काढायचं निपल किंचित सैल करायला सांगा. थोडं तेल येऊन चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता, म्हणजे पाइप किंवा त्याच्या वरचा भाग तपासायचा. तरीही सुटलं नाही, तर पिना, पिस्टन किंवा तार. एवढं विचारणाऱ्या बाईला कुणी सहसा उगाच खर्चात पाडत नाही!

पण प्रश्न केवळ खर्चाचा नाही. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेलं १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली जातं. ब्रेक मात्र लागत नाही. खंबाटकी किंवा आंबा घाट उतरताना असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलून घ्यावं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, पाय सतत ब्रेकवर ठेवू नये.

वाटेतच वास किंवा धूर आला, तर सुरक्षित जागी थांबा आणि चाक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. पेडल मऊ लागत असेल, तर निवल्यावरही गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच बोलवा. आणि पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडून द्या. दगडाला पैसे पडत नाहीत!