खेळाडूवर हक्क कोणाचा?

ज्या मुलाला राज्याने लहानपणी उचलून आपल्या खर्चाने वाढवले, उत्तमोत्तम गुरूंच्या हाती सोपवले आणि अखेरीस जगज्जेता केले, त्याच्या अंगच्या विद्येवर त्या राज्याचा हक्क कोठपर्यंत पोहोचतो, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते; परंतु सोव्हिएत रशियात 1988-89 साली बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका खेळाडूने तो प्रश्न थेट संरक्षणमंत्र्यांच्या दालनात नेऊन ठेवला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत पाऊल मागे घेतले नाही. व्याचेस्लाव फेतिसोव हे त्या खेळाडूचे नाव. त्यांचे चरित्र मी विक्रमांची यादी म्हणून वाचत नाही. राज्य आणि गुणवान मनुष्य यांच्यातील एका दीर्घ दाव्याची कैफियत म्हणून वाचतो.

त्या दाव्यात राज्याची बाजू पोकळ नव्हती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. 1958 साली मॉस्कोत जन्मलेले फेतिसोव अनेक कुटुंबांच्या सामायिक घरात वाढले. अशा घरातल्या मुलाला त्सेस्का या लष्कराच्या मध्यवर्ती क्रीडासंस्थेने आपल्या शाळेत घेतले, आणि ज्यांना सोव्हिएत हॉकीचे जनक म्हणतात त्या अनातोली तारासोव यांनी घालून दिलेल्या शिस्तीत तो तयार झाला. बापाच्या खिशाकडे न पाहता मुलाच्या पायातील चपळाई पाहणारी अशी व्यवस्था अनेक श्रीमंत देशांनाही उभी करता आलेली नाही.

त्या शिस्तीचे फळ काय होते, हे खेळ जवळून पाहिल्यावाचून कळत नाही. सुमारे साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद बर्फाच्या पटांगणावर गोलरक्षक सोडून पाच-पाच खेळाडू रबराच्या चपट्या चकतीमागे, म्हणजे पकमागे, इतक्या वेगाने धावतात की मिनिटभरातच त्यांना बाहेर काढून ताज्या दमाचे पाच उतरवावे लागतात. उत्तर अमेरिकेत तेव्हा बहुधा पक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात भिरकावून त्याच्यामागे तुटून पडण्याची रीत होती; त्याउलट फेतिसोव आणि कासातोनोव हे दोघे बचावपटू व क्रुतोव, लारिओनोव आणि माकारोव हे तिघे आघाडीवीर वाट मोकळी नसेल तर पक मागे वळवीत, पुन्हा रचना मांडीत, आणि बचावाची जागा सोडून फेतिसोव पुढे झेपावले की त्यांची जागा घेण्यासाठी कोण मागे येणार, हे कोणी कोणाला सांगावे लागत नसे. 1980 साली लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन तरुणांनी सोव्हिएत संघाला 4-3 असे हरवले, त्या हरलेल्या संघात एकवीस वर्षांचे फेतिसोव होते. त्यानंतर 1984 साली सारायेव्होत आणि 1988 साली कॅल्गरीत त्यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, आणि जागतिक अजिंक्यपद तर एकंदर सात वेळा.

परंतु या वैभवाची किंमत खेळाडूंच्या आयुष्यातून वसूल होत होती. 1977 साली त्सेस्का आणि राष्ट्रीय संघ अशी दोन्ही सूत्रे व्हिक्तर तिखोनोव यांच्या हाती आली, आणि तेव्हापासून खेळाडूंचे वर्षातील बहुतेक महिने मॉस्कोजवळच्या अर्खांगेल्स्कोये येथील छावणीत, बायकामुलांपासून दूर जाऊ लागले. कागदोपत्री हे सर्व लष्करी अधिकारी. त्यामुळे त्यांची रजा ही लष्करी रजा, त्यांचा नकार ही हुकमाची अवज्ञा, आणि राजीनामा द्यायचा तर अर्ज थेट संरक्षण खात्याच्या दप्तरी दाखल व्हायचा. त्सेस्काने 1977 ते 1989 अशी सलग तेरा वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले, हे खरे. पण एवढ्या विजयांनंतरही ज्याला आपल्या घरी झोपण्यासाठी परवानगी मागावी लागते, त्याला विजेता म्हणताना माझी लेखणी अडखळते.

अमेरिकेतील न्यू जर्सी डेव्हिल्स या संघाने 1983 सालीच फेतिसोव यांच्यावर आपला हक्क नोंदवून ठेवला होता. कॅल्गरीच्या विजयानंतर त्यांना जाऊ देण्याचे आश्वासन मिळाले, आणि मग त्याच्या अंमलबजावणीत दिरंगाई सुरू झाली. एखाद्या दौऱ्यात पळून जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी नाकारला. वेतनाचा मोठा हिस्सा सरकारी खजिन्यात भरण्याची अटही त्यांनी नाकारली. आपण गुन्हेगार नाही, तेव्हा जायचे तर उजळ माथ्याने, आपल्या नावाच्या पारपत्रावर आणि आपण सही केलेल्या करारावर जाऊ, ही त्यांची भूमिका होती. आणि संरक्षणमंत्री दिमित्री याझोव यांनी सैबेरियात धाडण्याची धमकी दिली तेव्हाही ती बदलली नाही, अशी हकिगत फेतिसोव यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. संघातून नाव गेले, सरावाची जागा बंद झाली. लारिओनोव यांनी 1988 साली ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोव यांना उद्देशून अनावृत पत्र लिहून छावणीतील जीवन देशापुढे मांडलेच होते. आता 1989 च्या स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेच्या तोंडावर सहकाऱ्यांनी जाहीर केले की फेतिसोव नसतील तर आम्हीही नाही. राज्याला नमावे लागले, फेतिसोव संघात परतले, संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच वर्षी ते रीतसर अमेरिकेस गेले. वर्षानुवर्षे खांद्याला खांदा लावून बचाव सांभाळणारे कासातोनोव मात्र या लढ्यात त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. पुढे दोघेही डेव्हिल्स संघात आले, एकत्र खेळले, परंतु बराच काळ त्यांच्यात बोलणे नव्हते. संस्था मोडतात तेव्हा त्यांच्याबरोबर मैत्रीही मोडते, ही हानी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

मिळालेले स्वातंत्र्य सुखाचे नव्हते. एकतिसाव्या वर्षी, अमेरिकेतील अधिक अरुंद पटांगणावर, शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये त्यांना नव्याने उभे राहावे लागले. पाच जणांनी मिळून रचना मांडण्याची ती जुनी कला पुन्हा फुलली ती 1995 साली डेट्रॉइटच्या संघात, जेथे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी फेतिसोव, लारिओनोव, कोन्स्तान्तिनोव, फेदोरोव आणि कोझलोव हे पाच रशियन एकत्र बर्फावर उतरवले. 7 जून 1997 रोजी त्या नगराने बेचाळीस वर्षांनी उत्तर अमेरिकेच्या हॉकीतील सर्वोच्च मानाचा स्टॅन्ले चषक जिंकला आणि फेतिसोव व लारिओनोव यांनी तो दोघांनी मिळून धरून बर्फावर फेरी घेतली. सहाच दिवसांनी मोटार-अपघातात कोन्स्तान्तिनोव आणि संघाचे अंगमर्दक म्नात्साकानोव कायमचे जायबंदी झाले. त्याच मोटारीत असलेले फेतिसोव थोडक्यात बचावले. पुढल्या वर्षी चषक पुन्हा जिंकल्यावर तो चाकांच्या खुर्चीतील कोन्स्तान्तिनोव यांच्या मांडीवर ठेवण्यात आला. त्या सोबत्यांच्या मनात जी आपुलकी होती, ती कोणत्याही खात्याच्या हुकमाने निर्माण झालेली नव्हती.

यानंतरचा भाग मला व्यथित करतो. फेतिसोव मायदेशी परतले, 2002 साली ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक झाले, त्याच वर्षापासून 2008 पर्यंत देशाच्या क्रीडाखात्याचे प्रमुख राहिले आणि 2016 साली दूमाचे, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सभासद म्हणून निवडून गेले. मोडकळीस आलेली क्रीडाव्यवस्था सावरण्याची त्यांची तळमळ प्रामाणिक आहे, यात मला संशय नाही. परंतु याच फेतिसोव यांनी पुढे अशी सूचना केली की रशियन खेळाडूला अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी खेळण्यास जाऊ देऊ नये, कारण त्याला घडवण्यासाठी देशाने खर्च केलेला असतो. हा युक्तिवाद तोच आहे, जो 1988 साली त्यांच्याविरुद्ध केला गेला होता. खर्चाची भरपाई मागण्याचा मार्ग राज्याला मोकळा आहे. नवा संघ जुन्या संस्थेला मोबदला देऊ शकतो, आणि तसा तो दिला जावा. पण कर्ज वसूल करण्यासाठी माणूस ओलीस ठेवता येत नाही, आणि ज्याने स्वतः हे भोगले त्याच्या तोंडून आले म्हणून ते न्याय्य ठरत नाही. 1988 सालचे फेतिसोव बरोबर होते. दूमातील फेतिसोव यांची ही सूचना चूक आहे. तो नियम तेव्हा लागू असता, तर 7 जून 1997 रोजी सत्तावीस वर्षांचे असलेले फेदोरोव आणि पंचवीस वर्षांचे असलेले कोझलोव डेट्रॉइटच्या संघात असू शकले नसते.