पित्तनळीचा दोष : शस्त्रक्रिया कधी करावी?



पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कधी कधी बाळाच्या यकृताखाली पाण्याची पिशवी दिसते. ‘पित्तनळीत दोष आहे, जन्मल्यावर शस्त्रक्रिया लागेल,’ असे डॉक्टर सांगतात आणि घर काळजीत पडते. घाबरू नये. पण शस्त्रक्रिया कधी, हे नीट समजून घ्यावे.

यकृतात तयार होणारे पित्त नळीवाटे आतड्यात उतरते. बाळाच्या शीला पिवळा रंग येतो तो त्यामुळेच. पाट तुंबला की पाणी मागे साचते, तसे नळी अडली की पित्त यकृतात साचते आणि यकृत खराब होऊ लागते.

ही पिशवी दोन कारणांनी दिसते. एकात नळी नुसती फुगलेली असते, पित्त वाहत राहते. हा दोष मुलींत अधिक आढळतो. बाळ नीट पीत असेल, शी पिवळी असेल, कावीळ नसेल, तर लगेच घाई नसते. सोनोग्राफी व रक्ततपासणी करीत राहून, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, फुगलेली नळी काढतात आणि तिच्या जागी आतडे जोडतात. मात्र ‘बाळ खेळते आहे, मग कापाकापी कशाला?’ म्हणून वर्षानुवर्षे टाळू नये. पुढे खडे, ताप, स्वादुपिंडाची सूज आणि मोठेपणी कर्करोगाचाही धोका असतो. मुलगी आहे म्हणून तर मुळीच टाळू नये.

दुसऱ्यात नळी बंदच झालेली असते. येथे दिवस मोजावे लागतात. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० नंतरच्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. तीत बंद नळी काढून आतडे थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा अधिक. उशीर झाला तर यकृत निबर होते. मग यकृत बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनही काही मुलांना पुढे ते लागतेच.

सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी हा दोष असू शकतो. म्हणून प्रत्येक घरात तीन गोष्टी पाहाव्यात :

१. कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली आहे काय?

२. शी शाडूसारखी पांढुरकी आहे काय?

३. लघवीचे पिवळे डाग लंगोटाला पडतात काय?

यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शी झालेला लंगोट बरोबर न्या. रक्तातील ‘डायरेक्ट’ कावीळ मोजायला सांगा. बेंबीतून किंवा नाकातून रक्त आले तर क्षणभरही थांबू नका.

कोवळे ऊन, काविळीची माळ, झाडपाला किंवा पोटावर चटके यांनी बंद नळी उघडत नाही. ‘सव्वा महिना होऊ द्या, मग बाळाला बाहेर काढू,’ असे म्हणणाऱ्या आजीबाईंना आदराने सांगा, त्या ६० दिवसांतले निम्म्याहून अधिक दिवस त्यातच जातात. पेरणीची वाफ गेली तर पुढच्या साली पुन्हा येते, बाळाचे हे दिवस पुन्हा येत नाहीत.